रान आणि तळ्याकाठची गोल फेरी: मुलं आणि कुत्रा सोबत असताना

ज्या वाटेनं जायचं त्याच वाटेनं परतायचं असेल तर काळजी कमी असते. मूल दमलं, कुत्रा लंगडायला लागला, आभाळ भरून आलं, की मागे फिरायचं. वाट ओळखीची असते. गोल फेरीत तसं होत नाही. निम्मं अंतर ओलांडलं की मागे फिरणं पुढे जाण्यापेक्षा लांबचं पडतं, आणि पुढची वाट तर अजून कोणी पाहिलेलीच नसते. मधे तळं असलं की निघालो ती जागा समोरच्या काठावर स्वच्छ दिसत राहते, पण तिथे पोचायला पाण्याला वळसा घालावाच लागतो.

तरीही लहान मुलं आणि कुत्रा सोबत असताना मी अशीच वाट निवडते. एका सकाळीत दाट सावली, पालापाचोळा, ओढा, मोकळं पाणी, पाणपक्षी असं सगळं बदलत जातं. तीच वाट दुसऱ्यांदा तुडवायची नसल्यानं मुलं कुरकुरत नाहीत. कुत्र्याच्या नाकाला तर प्रत्येक वळणावर नवं काही मिळतं. फक्त तीन गोष्टी घरी बसूनच ठरवाव्या लागतात: फेरी कुठून सुरू करायची, कोणत्या दिशेनं फिरायची, आणि पुढे जायचं की मागे हा निर्णय नेमका कुठे थांबून घ्यायचा.

नकाशावर वाट निवडताना

पहिल्या फेरीसाठी 3 ते 4 किलोमीटरची वाट पुरे. मुलाच्या वयाइतके किलोमीटर, म्हणजे पाच वर्षांच्या मुलाला पाच, असा एक ठोकताळा सांगितला जातो. ती वरची मर्यादा धरावी. त्याच्या निम्म्या अंतरात मूल खूश असेल तर पुढच्या वेळी वाढवता येतं. कुत्र्याचंही वय बघा. पिल्लाच्या हाडांची टोकं वाढीच्या काळात कच्ची असतात, आणि मोठ्या जातींमध्ये ही वाढ साधारण वर्ष-दीड वर्षापर्यंत चालते. अशा पिल्लाला सलग लांब चालवू नये. म्हाताऱ्या कुत्र्याला अंतरापेक्षा उतार जास्त बाधतो.

वेळेचा हिशेब करायला एक जुना नियम उपयोगी पडतो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी तो 1892 मध्ये मांडला: दर 5 किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. 4 किलोमीटरची फेरी आणि वाटेत एकूण 120 मीटर चढ असेल तर चालण्याची 48 मिनिटं आणि चढाची 12, म्हणजे बरोबर तासभर. पण हा हिशेब न थांबता चालणाऱ्या धडधाकट मोठ्या माणसाचा आहे. मुलं प्रत्येक ओंडक्यावर चढतात, कुत्रा प्रत्येक झाड हुंगतो. म्हणून आलेल्या वेळेची अडीच पट करा, म्हणजे इथे अडीच तास. शिवाय खाण्यासाठी अर्धा तास वेगळा.

आता नकाशा बारकाईनं बघा. तळ्याच्या काठाशी समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) एकमेकींना चिकटून असतील तर तिथे उतार सरळ पाण्यात जातो. वाट अरुंद असेल आणि एका बाजूला थेट पाणी असेल. त्या पट्ट्यात मुलाचा हात धरून चालावं लागणार, हे आधीच माहीत असलेलं बरं. मग पाणी कुठून येतं आणि कुठून जातं ते शोधा. जिथे ओढा तळ्याला मिळतो तिथे गाळ साचतो, लव्हाळी आणि पाणकणीस माजतं, जमीन दलदलीची होते. वाट तिथे काठ सोडून आत शिरते आणि पावसानंतर सगळ्यात जास्त चिखलही तिथेच असतो. पाणी बाहेर पडतं तिथे बहुधा बांध, सांडवा किंवा पूल असतो. या दोन ठिकाणी ओलांडायची सोय आहे ना, याची खात्री झाल्याशिवाय फेरी गोल आहे असं समजू नका. पावसाळ्यात ओढ्यातल्या दगडांवरून पलीकडे जायची जागा पाण्याखाली असू शकते, आणि ते नकाशात दिसत नाही. पायाखालचा दगड दिसत नसेल इतकं गढूळ किंवा जोराचं पाणी असेल तर मुलाला कडेवर घेऊनसुद्धा ते ओलांडू नका.

वाटेत आणखी एखाद्या ठिकाणी गाडीरस्ता येऊन मिळतो का, तेही बघून खूण करा. कुणाचा पाय मुरगळला तर तिथून बाहेर पडता येतं. बाबागाडी न्यायची असेल तर पायऱ्या, झाडांची उघडी मुळं आणि फळ्यांचे अरुंद पूल यांची चौकशी आधी करा. नाहीतर मूल आणि गाडी दोन्ही उचलून चालायची वेळ येते. कुंपणावरून चढून उतरायच्या पायऱ्या माणसाला सोप्या असतात, पण 30 किलोच्या कुत्र्याला त्यावरून उचलून घ्यावं लागतं.

कुत्र्यांबाबतचे नियम दोन वेगळ्या प्रश्नांनी विचारा: वाटेवर कुत्रा चालतो का, आणि पाण्यात चालतो का? पिण्याच्या पाण्याच्या तलावात बऱ्याच ठिकाणी पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही असतं. संरक्षित वनात कुत्र्याला पूर्ण बंदी असू शकते. काही ठिकाणी पक्ष्यांच्या विणीच्या हंगामापुरती दोरीची सक्ती असते. फलक बघून दारातून परत फिरण्यापेक्षा आदल्या दिवशी चौकशी करा.

आधी रान की आधी पाणी?

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं उत्तर ऋतूप्रमाणे बदलतं.

हवा थंड किंवा सौम्य असेल तर आधी रान. चढ बहुतेक वेळा रानाच्या बाजूला असतो आणि सुरुवातीला पायात जोर असतो. कुत्राही पहिल्या अर्ध्या तासात सगळ्यात जास्त ओढतो. तो जोर रुंद रानवाटेवर निघून गेला की अरुंद काठावर तो ऐकतो. मुलांना पुढे तळं आहे हे माहीत असतं, त्या ओढीनं पावलं पडत राहतात. उलट तळं आधी आलं तर मुलं तिथून हलत नाहीत, कुणाचे तरी मोजे भिजतात, आणि ओल्या मोज्यांनी उरलेली वाट चालल्यावर टाचेला फोड येतोच. कुत्रा तळ्यात भिजून लगेच रानात शिरला की ओल्या केसांना माती आणि पाचोळा चिकटतो.

उन्हाळ्यात मात्र हे सगळं उलटं करा. काठावर सावली कमी असते आणि पाण्यावरून परावर्तित झालेलं ऊनही लागतं. तो उघडा भाग सकाळी लवकर उरकायचा आणि ऊन चढल्यावर झाडांखालून परतायचं. अशा दिवशी भिजलेला कुत्रा सावलीत चालतो, तेही चांगलंच.

दिशा ठरली की मुलांना एक वाक्य पाठ करायला द्या. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरणार असाल तर तळं कायम उजव्या हाताला, उलट दिशेनं फिरणार असाल तर डाव्या. रानातल्या फाट्यांवर वाट तात्पुरती दूर गेली तरी "तळं कुठे असायला हवं?" या प्रश्नाचं उत्तर पाच वर्षांचं मूलही बोट दाखवून देतं, आणि वाट चुकली असेल तर ते लवकर लक्षात येतं.

राहिला निर्णयाचा थांबा. तो निम्म्यावर ठेवू नका, कारण तिथे पोचल्यावर निवड उरलेलीच नसते. एक तृतीयांश अंतरावर एखादी ठळक जागा निवडा: पूल, मोठा फाटा, फलक. तिथून मागे फिरणं म्हणजे उरलेल्या वाटेच्या निम्मंच अंतर. तिथे सगळ्यांनी खरोखर थांबायचं, पाणी प्यायचं आणि तीन गोष्टी बघायच्या. ठरवलेल्या वेळेच्या दीडपट वेळ गेलाय का? निम्म्यापेक्षा जास्त पाणी संपलंय का? मूल किंवा कुत्रा मागे मागे रेंगाळतोय का? यातल्या दोहोंचं उत्तर हो असेल तर परत फिरा. हा नियम घरीच बोलून ठेवला असला की तिथे वाद होत नाहीत, आणि "एवढं आलोच आहोत तर" हे वाक्यही कुणी काढत नाही.

पाठीवर काय, कुत्र्याच्या अंगावर काय

पिशवी जड करण्यात अर्थ नाही, पण पाण्यात काटकसर नको. कुत्र्याला दिवसभरात वजनाच्या दर किलोमागे साधारण 50 ते 60 मिलिलिटर पाणी लागतं, चालताना त्याहून जास्त. 20 किलोच्या कुत्र्यासाठी अडीच-तीन तासांच्या फेरीला लिटरभर पाणी वेगळं ठेवा, सोबत घडी होणारं भांडं. तळं आहे म्हणून कुत्र्याचं पाणी घरी ठेवायचं नाही. का ते पुढे येईलच.

कुत्र्याला हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) घाला आणि गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर असू द्या. साधी दोन मीटरची दोरी रानवाटेला सगळ्यात सोयीची. आपोआप लांब होणारी दोरी मला अशा वाटेवर नको वाटते: ती झुडपांत अडकते, मुलांच्या पायात येते आणि समोरून सायकल आली की वेळेवर आखडत नाही. मोकळ्या जागेसाठी 5 ते 10 मीटरची लांब दोरी घ्या, पण ती फक्त हार्नेसला अडकवायची. गळ्यातल्या पट्ट्याला लावली आणि कुत्रा पळत जाऊन टोकाला पोचला की सगळा हिसका मानेला बसतो.

मुलं चालणारी असतील तर सुके मोजे आणि एक पूर्ण कपड्यांचा जोड घ्या. त्याहून लहान, पाठीवरच्या कॅरियरमध्ये बसणारं बाळ असेल तर ते आधाराशिवाय बसू लागलेलं असावं. शिवाय आपण चढताना घामाघूम होतो तेव्हा ते हालचाल न करता बसलेलं असतं, म्हणून त्याला आपल्यापेक्षा एक थर जास्त लागतो. अधूनमधून त्याच्या मानेला हात लावून बघा. हातपाय गार असले तरी मान उबदार असेल तर ठीक.

बाकी लागतं ते थोडकं: बारीक टोकाचा चिमटा, बँडेज, शिट्टी, शी उचलायच्या पिशव्या, जुना टॉवेल, आणि आधीच उतरवून ठेवलेला ऑफलाइन नकाशा. खाऊ कुणाच्या हाती आहे याकडे लक्ष असू द्या. द्राक्षं, मनुके, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेल्या साखरविरहित गोळ्या कुत्र्याला विषारी असतात, आणि रानात मुलांच्या हातातून सांडलेला खाऊ कुत्राच आधी उचलतो.

झाडांखालून

चालण्याची रचना सुरुवातीलाच लावून घ्या. एक मोठं माणूस पुढे, एक मागे, मुलं मधे. दोरी मोठ्यांच्या हातात, आणि तीही मनगटाला गुंडाळलेली नको. "मला धरू दे" हा हट्ट होणारच. त्यासाठी हार्नेसला दुसरी छोटी दोरी लावून ती मुलाला द्या, मुख्य दोरी तुमच्याकडे ठेवा. मुलाला कुत्रा चालवल्याचा खरा आनंद मिळतो आणि खार दिसली तरी मूल फरफटत जात नाही.

कुत्र्याला रानात सुटं सोडावं का? पळणारं जनावर दिसत असतानाही एका हाकेत परत येत असेल, तर आणि तरच, तेही नियमात बसत असेल तिथे. जमिनीवर घरटं करणारे पक्षी कुत्रा नुसता जवळून गेला तरी उठतात आणि अंडी उघडी पडतात. वाट सोडून गवतात शिरलेल्या कुत्र्याला गोचीडही जास्त लागतात आणि सापाशी गाठ पडायची शक्यताही वाढते. साप चावलाच तर जखम कापायची नाही, घट्ट बांधायचं नाही. कुत्र्याला शक्यतो चालू न देता उचलून न्यायचं आणि पशुवैद्याकडे पोचायचं. मोठा कुत्रा एकट्याला उचलवत नाही. मघाशी नकाशावर केलेली गाडीरस्त्याची खूण इथे कामी येते.

तळ्याकाठच्या कुरणात गुरं चरत असतील, विशेषतः वासरं सोबत असतील, तर लांबून वळसा घाला आणि कुत्र्याला जवळ ठेवा. गुरं अंगावर धावून आलीच तर दोरी सोडून द्या. त्यांचा रोख कुत्र्यावर असतो आणि तो तुमच्यापेक्षा वेगानं निसटतो. कुत्र्याला कवटाळून उभं राहणारं माणूस मात्र तुडवलं जातं.

मुलांना चालतं ठेवायला त्यांना काम द्या. प्रत्येक फाट्यावर वाटेची खूण शोधणं एकाचं काम. दुसऱ्यानं फाटा ओलांडल्यावर मागे वळून बघायचं आणि परत येताना ही जागा कशी दिसेल ते सांगायचं. यानं निर्णयाच्या थांब्यावरून परत फिरायची वेळ आली तर वाट सापडते. ओल्या मातीत पावलांचे ठसे मिळतात. कुत्र्याच्या कुळातल्या प्राण्यांच्या ठशात नखांच्या खुणा उमटतात. मांजराच्या कुळातले प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात, म्हणून त्यांच्या ठशात सहसा नखं दिसत नाहीत. आपल्याच कुत्र्याचा ठसा शेजारी ठेवून मुलं हे ताडून बघू शकतात, आणि यात वीस मिनिटं सहज जातात. अळंबी बघायची, फोटो काढायचा, पण हात लावायचा नाही आणि कुत्र्यालाही चाटू द्यायची नाही. विषारी आणि खाण्याजोगी अळंबी नुसत्या नजरेनं वेगळी करायचा कुठलाही सोपा नियम नाही.

कुत्र्याची शी उचला, झुडपात पडली असली तरी. बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शहरालगतच्या निसर्गक्षेत्रांत कुत्र्यांच्या मलमूत्रातून दरवर्षी हेक्टरी सुमारे 11 किलो नायट्रोजन आणि 5 किलो फॉस्फरस जमिनीत जात असल्याचं आढळलं. गरीब मातीवर वाढणाऱ्या नाजूक वनस्पतींना हे खत मारक ठरतं आणि दांडगं तण माजतं. शिवाय शीतल्या गोलकृमींची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात, आणि त्याच मातीत मुलं हात घालतात. भरलेली पिशवी झाडाला टांगून "येताना घेऊ" म्हणायचं नाही, कारण गोल फेरीत आपण त्या झाडापाशी परत येतच नाही.

पाण्याजवळ

तळं दिसताच मुलं आणि कुत्रा एकदमच धावतात. म्हणून झाडी संपायच्या आधी थांबा, कुत्र्याची दोरी आखडा, मुलांचे हात धरा. पाण्यापर्यंत आधी एकटं मोठं माणूस जाईल आणि पाणी बघेल.

काय बघायचं? सांडलेल्या रंगासारखा हिरवा, निळसर किंवा तपकिरी तवंग, काठाशी साचलेला फेस, पाण्यात तरंगणारे बारीक हिरवे कण. हे निळं-हिरवं शेवाळ असू शकतं. खरं तर ते शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू असतात. उबदार, संथ आणि खतांनी भरलेल्या पाण्यात ते झपाट्यानं वाढतात आणि वारा त्यांना एका काठाला लोटतो. त्यामुळे समोरचा काठ स्वच्छ आणि आपला काठ घातक असं होऊ शकतं. त्यातले काही विष तयार करतात, पण कुठले ते डोळ्यांनी ओळखता येत नाही. यकृतावर किंवा मज्जासंस्थेवर परिणाम होऊन कुत्रा काही तासांत, कधी त्याहूनही लवकर दगावतो, आणि या विषावर खास असा उतारा नाही. पाणी उकळूनही ते विष जात नाही. तवंग दिसला तर कुणीच पाण्यात नाही, कुत्र्याला एक घोटही नाही. चुकून उतरलाच तर केस चाटायच्या आत सोबतच्या स्वच्छ पाण्यानं धुवा आणि लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याला फोन करा. सोबत आणलेलं लिटरभर पाणी यासाठीही लागतं.

पाणी स्वच्छ दिसलं तरी संथ पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात. ते उंदीर-घुशींच्या मूत्रातून येतात आणि हा आजार माणसालाही होतो. कुत्र्याची लस वेळेवर झालेली असावी, आणि मुलाच्या पायाला ताजी जखम असेल तर ते पाण्यात उतरणार नाही. गोचीड-पिसवांचं औषध कुत्र्याच्या मानेवर नुकतंच लावलं असेल तर काही दिवस त्याला पाण्यात सोडूच नका. फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड ही त्यातली कीटकनाशकं पाण्यातल्या किड्यांनाही मारतात, आणि ज्यांच्यासाठी आपण तळ्यावर येतो ते पक्षी आणि चतुर त्याच किड्यांवर जगतात.

लहान मुलाबाबत एकच नियम: पाण्याजवळ असताना ते हाताच्या अंतरावर. बुडणारं मूल बहुतेक वेळा हाक मारत नाही, पाणी उडवत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, हात बाजूला, आणि सगळं शांतपणे घडतं. म्हणून "आवाज आला तर बघू" हे धोरण चालत नाही. दोन मोठी माणसं असतील तर कोण मुलांकडे बघतंय आणि कोण कुत्र्याकडे, हे मोठ्यानं बोलून ठरवा. दोघंही बघतायत असं दोघांनाही वाटणं सगळ्यात घातक.

कुत्रा पाण्यात अडचणीत आला तर त्याच्यामागे उडी मारू नका. हे कठोर वाटतं, मला लिहितानाही जड जातंय. पण कुत्र्यामागे पाण्यात गेलेली माणसं बुडतात आणि कुत्रा पुष्कळदा स्वतःच काठाला लागतो. पाणी 15 अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर अंग पाण्यात पडताच श्वास अनावर होतो, धाप लागते, आणि पोहता येणारा माणूसही पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांत पाणी गिळतो. चढायला सोपा, उथळ काठ दिसेल तिकडे जाऊन तिथून कुत्र्याला हाका मारा. आपणच पडलो तर आधी पाठीवर तरंगत राहायचं, श्वास ताब्यात आला की मगच पोहायचं. तळं गोठलं असेल तर कुत्र्याची दोरी काठावर एकदाही सुटता कामा नये.

सगळं ठीक असेल तर खेळू द्या, अगदी मनसोक्त. फक्त काठी फेकू नका. जमिनीत रुतलेल्या काठीवर धावत आलेल्या कुत्र्याच्या तोंडात आणि घशात खोल जखमा होतात. तरंगणारं चपटं खेळणं चांगलं, कारण ते पकडताना तोंड कमी उघडतं आणि पाणी कमी जातं. पुन्हा पुन्हा पाण्यातून वस्तू आणताना कुत्रा इतकं पाणी गिळू शकतो की रक्तातलं सोडियम घटून तो अडखळतो, उलट्या करतो. हा प्रकार जिवावर बेततो. दहा मिनिटं खेळ, मग दहा मिनिटं काठावर विश्रांती.

ऊन चढलं तर

कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही. धापा टाकूनच तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. पग, बुलडॉग अशा बसक्या नाकाच्या कुत्र्यांना तेही नीट जमत नाही, म्हणून त्यांना उन्हाळ्यात दुपारच्या फेरीला नेऊच नका. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण 38 ते 39.2 अंश असतं, 41 च्या वर गेलं की जिवाला धोका. जीभ रुंद होऊन लोंबणं, लाळ घट्ट आणि चिकट होणं, हिरड्या गडद लाल दिसणं, पाय अडखळणं ही लक्षणं दिसली तर आधी गार करायचं, मग न्यायचं. सावलीत आणा, अंगावर मिळेल ते पाणी ओता, वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. शुद्धीत असेल तर थोडं थोडं पाणी पिऊ द्या.

गाडी लावायच्या डांबरी जागेवर हाताची मागची बाजू टेकवा. पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याचे तळवेही भाजतील.

वाट चुकली, कुणी मागे राहिलं

1981 मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोजवळच्या डोंगरात 9 वर्षांचा एक मुलगा कुटुंबापासून चुकला आणि दगावला. त्यानंतर शोधपथकातल्या लोकांनी मुलांसाठी "झाडाला मिठी मार" हा धडा तयार केला: हरवलास असं वाटलं की जवळच्या झाडाशी थांब, चालत राहू नकोस. मूल हलत राहिलं की शोधायचं क्षेत्र वाढत जातं. हे मुलांना निघण्याआधी सांगा आणि प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी अडकवा. मदतीचा संकेत म्हणजे मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांतता, पुन्हा सहा. मुलांना एवढं लक्षात राहणार नसेल तर "थांबायचं आणि वाजवत राहायचं" इतकंच सांगा. सुरुवातीला सगळ्यांचा एक फोटो काढा; कुणी काय घातलंय हे गडबडीत आठवत नाही. बुटांच्या तळव्यांचाही एक फोटो असू द्या, ठसे ओळखायला तो उपयोगी पडतो.

कुत्रा सुटला तर शेवटी दिसला तिथेच एकानं थांबावं. तो वास घेत त्याच जागी यायची शक्यता चांगली असते.

सूर्यास्ताचा अंदाज हवा असेल तर हात पूर्ण लांब करून क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये बोटं आडवी धरा. एका बोटाला ढोबळमानानं 15 मिनिटं. रानात अंधार त्याआधीच पडतो, म्हणून चार बोटं उरली असताना झाडीबाहेर असायला हवं. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. 30 सेकंदांच्या आत आवाज आला तर पाण्यापासून आणि एकट्या उंच झाडापासून दूर व्हा, गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जा.

परत आल्यावर

गाडीत बसण्याआधी पहिली तपासणी, घरी दुसरी. मुलांच्या काखा, जांघा, गुडघ्यामागची बाजू, कानामागे, केसांत. कुत्र्याचे कान, पापण्या, मान, काखा आणि बोटांच्या मधे. गोचीड सापडला तर चिमट्यानं कातडीला अगदी लागून पकडा आणि सरळ वर ओढा. तेल, जळती काडी, नखानं चिरडणं यातलं काहीही नको. त्यानं गोचीड पोटातलं द्रव्य जखमेत सोडू शकतो. लाइम आजाराचे जंतू अंगात जायला गोचीड बहुधा 24 तासांहून जास्त चिकटलेला असावा लागतो, म्हणून त्याच दिवशी काढला तर मोठी काळजी टळते.

कुत्र्याच्या बोटांच्या मधे गवताचं कुसळ राहिलं तर ते आत आत घुसत जातं आणि काही दिवसांनी गळू होतं. पंजे धुताना बोटं फाकवून बघा, कान कोरडे करा. बूट, दोरी आणि टॉवेल दुसऱ्या तळ्यावर नेण्याआधी चिखल काढून पूर्ण वाळवा, कारण पाणवनस्पतींचे बारीक तुकडे आणि रोगजंतू असेच एका पाण्यातून दुसऱ्यात जातात.

गोचीड काढल्याची तारीख आणि अंगावरची जागा फोनमध्ये लिहून ठेवा. पुढच्या महिन्याभरात मुलाला ताप आला किंवा त्या जागेभोवती लाल चट्टा पसरू लागला तर ती नोंद डॉक्टरांना दाखवा. कुत्रा सुस्त झाला, खाईनासा झाला, हिरड्या फिकट दिसल्या किंवा लघवी गडद झाली तर पशुवैद्यालाही तेच सांगा.